चाल : लाउंजची

जुन्या नाट्यपदांचं पुस्तक उघडलं, की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक सूचना दिसते : 'चाल', आणि पुढे आधीच्या कुठल्या तरी गाण्याचे शब्द. भजनी मंडळांच्या वह्यांतही तेच. सिनेमाचं गाणं गाजलं, की थोड्याच दिवसांत त्या चालीवर विठ्ठल उभा राहतो. आपलं विडंबनही याच वाटेनं गेलं. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये कवींचे छंद आणि ढंग उचलले आणि आत भलताच मजकूर भरला. साचा जुना, माल नवा.

हाच खेळ कुणी उलटा खेळला तर? शब्दाचा काना-मात्रा बदलायचा नाही. बदलायचा तो फक्त गाण्याचा बाज, आणि तेवढ्यावर ऐकणाऱ्याला हसू फुटलं पाहिजे.

लॉस एंजेलिसचा विनोदी कलावंत मार्क जोनाथन डेव्हिस हे पंचवीसेक वर्षं करतो आहे. रंगमंचावर त्याचं नाव रिचर्ड चीझ. इंग्रजीत 'चीझी' म्हणजे नको तितकं गुळगुळीत, स्वस्तात गोड. (नावात आणखी एक चावट श्लेष आहे, तो रविवारी सकाळी उलगडण्याजोगा नाही.) त्याच्या वाद्यवृंदाचं नाव 'लाउंज अगेन्स्ट द मशीन'. 'रेज अगेन्स्ट द मशीन' या क्रांतीची भाषा बोलणाऱ्या बँडच्या नावातला संताप काढून तिथे हॉटेलातला सोफा बसवलाय. पियानोवर बॉबी रिकोटा, ड्रम्सवर फ्रँक फेटा. साथीदारांची नावंही दुधाच्या त्याच नासवणीतली. २००० साली पहिला अल्बम आला. त्यात आणि पुढच्या अल्बमांत मेटल, ग्रंज, रॅप अशी पालकांची झोप उडवणारी गाणी टक्सिडो घालून, हातात ग्लास असल्याच्या थाटात, लाडिक आवाजात म्हटलेली आहेत.

या थाटाचं मूळ लास व्हेगासमध्ये आहे. तिथल्या कॅसिनोंत मोठ्या नाट्यगृहात मोठे कलाकार गात, आणि जुगाराच्या टेबलांपासून हाकेच्या अंतरावर छोटी बैठक असे : लाउंज. दोन डाव हरलेला माणूस तिथे टेकायचा, काहीतरी मागवायचा आणि पुन्हा टेबलाकडे जायचा. लुई प्रायमा आणि कीली स्मिथ यांनी १९५४ पासून सहारा हॉटेलच्या अशाच लाउंजमध्ये धमाल उडवली. हा प्रायमा आपल्याही ओळखीचा आहे. डिस्नेच्या १९६७ च्या 'जंगल बुक'मधला वानरांचा राजा किंग लुई त्याच्याच आवाजात गातो.

पण प्रत्येक लाउंजला प्रायमा कुठून मिळणार? गावोगावच्या हॉटेलांत त्याची फिकी नक्कल करणारे गायक उभे राहिले. समोर बसलेल्यांचं लक्ष ताटात, आणि हे मात्र डोळे मिटून, प्रत्येक ओळ काळजातून आल्यासारखी आळवताहेत. या जमातीची मोठी टिंगल बिल मरेनं केली. 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मधला त्याचा लाउंज गायक निक १९७८ मध्ये चक्क 'स्टार वॉर्स'च्या शीर्षकसंगीतावर गायला. त्या संगीताला मुळात शब्दच नव्हते. निकला त्याची फिकीर नव्हती.

रॉकचं गाणं लाउंजमध्ये बसवायचं, तर वाद्यावर पक्का हात लागतो. रॉकमध्ये गिटारवर जो दणदणीत 'पॉवर कॉर्ड' वाजतो, त्यात षड्ज आणि पंचम एवढेच स्वर असतात, गंधार नसतो. त्यामुळे तो कोमल की शुद्ध, उदास की प्रसन्न, हे मोघम राहतं आणि नुसता जोर कानावर आदळतो. लाउंजचा पियानोवादक तो रिकामा गंधार भरतो, वर निषाद चढवतो, आणि दगडाचा एकदम मखमली तक्क्या होतो. ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरतात. डबल बास एकेका मात्रेवर एकेक पाऊल टाकत फेरफटका मारतो. सरळ ठेक्याला 'स्विंग'चा झोका मिळतो : मात्रेचे तीन भाग कल्पायचे, पहिल्या स्वराला दोन द्यायचे आणि दुसऱ्याला एक. हा झोका मराठी कानाला परका नाही. गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही, १९५१ च्या 'अलबेला'त ते पडद्यावरही दिसतात.

रॅपचं काम आणखी अवघड. तिथे म्हणावी अशी चालच नसते. लाउंजवाल्याला ती नव्यानं बांधावी लागते. आणि गंमत इथेच उमलते. मूळ गाण्यात गोंगाटाखाली दडपलेले शब्द आता स्वच्छ ऐकू येतात. शिव्यासुद्धा अत्तर लावून येतात. ज्या ओळींवर आपण वर्षानुवर्षं माना हलवल्या, त्यांचा अर्थ पहिल्यांदा कळतो आणि आपण चपापतो. हसू थोडं त्या संतापाचं येतं, थोडं या गोडव्याचं आणि बरंचसं आपलं स्वतःचं.

असल्या गमतीला परवानगी कोण देतं? अमेरिकेत १९०९ पासून सक्तीच्या परवान्याची सोय आहे. एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलेलं गाणं ठरावीक मानधन भरून कुणीही पुन्हा गाऊ शकतं. मांडणी स्वतःच्या शैलीत बसवण्याची मुभा आहे. मूळ चाल आणि गाण्याचा स्वभाव मात्र बदलता येत नाही. लाउंजवाले याच कुंपणावर बसून गातात. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं ३१ सी हे कलम लागतं. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायचं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत वा संगीतात फेरफार करायचा तर मालकाची संमती घ्यायची. म्हणजे सिनेमाच्या चालीवर विठ्ठल आणणारी आपली उदार परंपरा कायद्याच्या पुस्तकात शोधू नये हेच बरं.

विनोद कुठे संपतो हे सांगणंही सोपं नाही. १९९५ च्या डिसेंबरात माइक फ्लॉवर्स पॉप्स या ब्रिटिश मंडळींनी ओॲसिस या बँडचं नुकतंच गाजलेलं 'वंडरवॉल' साठच्या दशकातल्या मुलायम वाद्यवृंदाच्या थाटात वाजवलं. ही नक्कल ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली. खुद्द ओॲसिसचं गाणंही तिथवरच पोचलं होतं. मग २००५ मध्ये पॉल आंका आला. एका फ्रेंच गाण्याच्या चालीवर नवे इंग्रजी शब्द लिहून गायक सिनात्राला 'माय वे' देणारा हाच. म्हणजे आपल्या नाट्यपदकारांचा गाववालाच. 'रॉक स्विंग्ज' या अल्बममध्ये त्यानं निर्वाणा या बँडची, ओॲसिसची गाणी बिग बँडच्या साथीनं गायली. डोळा मिचकावला नाही, टिंगल केली नाही. ऐकताना पहिले काही क्षण हसू येतं, मग पाय ठेका धरतो आणि आपण कशाला हसत होतो ते आठवत नाही.

झॅक स्नायडरच्या २००४ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये हा सगळा खेळ एकाच चित्रपटात दिसतो. बाहेर मढी चालताहेत आणि मॉलमध्ये अडकलेली माणसं वेळ घालवताहेत. त्या दृश्यांवर रिचर्ड चीझच्या आवाजात डिस्टर्ब्ड या मेटल बँडचं 'डाउन विथ द सिकनेस' येतं. जग बुडताना वाजणारं हॉटेलातलं गाणं. शेवटी श्रेयनामावलीवर तेच गाणं मूळ रूपात, पूर्ण आरोळ्यांसह येतं. पण तोवर उशीर झालेला असतो. गायक जिवाच्या आकांतानं ओरडत असतो आणि आपल्या डोळ्यांसमोर, कितीही नको म्हटलं तरी, त्याच्या गळ्यात बो टाय असतो.