कासव लंगडले, तर आधी त्याचे घर पाहा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे कासव ही काही नवलाची गोष्ट नाही. जुन्या विहिरीत पाणकासव असते. हिवाळा लागला की ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर चढतात. तांबळडेग, वायंगणीची नावे त्यामुळेच सर्वदूर गेली. अलीकडे त्यात तिसऱ्या कासवाची भर पडली आहे. कानाजवळ लाल पट्टा असलेले हे हिरवे पिल्लू मुलांच्या हट्टापायी दुकानातून येते आणि प्लॅस्टिकच्या टबात राहते.

हा जीव ओरडत नाही, कण्हत नाही. एक पाय ओढू लागला की मगच घरच्यांच्या लक्षात येते आणि हळद लावावी की तेल, असा विचार सुरू होतो. आम्ही सांगू ते थोडे वेगळे आहे. दुखणे पायात दिसते खरे, पण बऱ्याचदा ते सुरू झालेले असते टबात आणि खाण्यात.

कासव कोणते?

लाल पट्ट्याचे कासव मूळचे अमेरिकेतले, रेड-इअर्ड स्लायडर. विहिरीतले पाणकासव आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव ही मात्र आपल्या देशातली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांना संरक्षण दिले आहे. ती घरात पाळणे गुन्हा आहे, मग हौसेने पाळा की ‘घरात बरकत येते’ म्हणून पाळा. बरकत देणारा अल्लाह आहे. मुक्या जिवाला डब्यात कोंडून ती येत नाही. असे कासव जखमी सापडले तर घरी ठेवू नका. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

निरखायचे कसे?

कासवाला गुळगुळीत लादीवर ठेवू नका. तिथे धडधाकट कासवाचेही पाय घसरतात. गोणपाट अंथरा, त्यावर सोडा आणि लांब बसून दहा मिनिटे बघत राहा. चारही पाय टेकतात का? पोट जमिनीवरून उचलले जाते की घासत जाते? डावा आणि उजवा पाय जाडीला सारखे आहेत का? मोबाइलवर त्याच्या चालण्याचे चित्रीकरण करून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर कासव अंग आत ओढून घेते आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

एकच पाय अधू असेल तर बहुधा मार, मोडलेले हाड, निखळलेला सांधा किंवा गळू असते. पायाच्या घडीत नीट पाहा. मासेमारीची तंगूस, दोरा, लांब केस गुंडाळला गेला की पुढचा भाग सुजतो आणि वेळेत सोडवला नाही तर पाय कामातून जातो. दोरा वरवर असेल तर बारीक कात्रीने कापा. मांसात रुतला असेल तर हात लावू नका. कासवाच्या गळवातला पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. तो दाबून निघत नाही. डॉक्टरांना चिरूनच काढावा लागतो.

दोन्ही मागचे पाय ओढत असतील तर कारण पायांच्या बाहेरही असू शकते. मादीच्या पोटात अंडी अडकतात, मूत्राशयात खडा होतो, उंचावरून पडून कण्याला मार लागतो. कासवाचा कणा आणि बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात, हे विसरू नये. कवच म्हणजे वरून घातलेली पेटी नव्हे, ते त्याचे हाडच आहे. म्हणून कवच रंगवणे किंवा त्याला भोक पाडून दोरी बांधणे हा क्रूरपणा आहे.

पाण्यात कासव एका बाजूला कलून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर तो पायाचा नव्हे, बहुधा फुप्फुसाचा आजार असतो. अशा कासवाला खोल पाण्यात ठेवू नका. तेही हवेतच श्वास घेते आणि अशक्त झाले की बुडते.

मुळाशी काय असते?

चारही पाय लुळे, अंग थरथरते आणि कवच अंगठ्याने दाबले तर दबते, ही हाडे ठिसूळ झाल्याची खूण. अगदी लहान पिल्लाचे कवच थोडे लवचीक असते, पण वाढत्या वयात ते घट्ट व्हायलाच हवे. हा आजार होतो कॅल्शियम आणि उन्हाच्या अभावी. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन इथे उपयोगाचे नाही. हाडांसाठी लागणारे किरण काच अडवते. आपल्याकडे तर पावसाचे चार महिने ऊन दुर्मीळच. म्हणून उघडीप मिळाली की कोवळ्या उन्हात टब न्यावा, अर्ध्या भागावर सावली ठेवावी आणि कासवाला पाण्याबाहेर बसायला दगड द्यावा. घरातच ठेवायचे असेल तर त्यासाठीचा यूव्हीबी दिवा घ्यावा लागतो.

खाण्याचेही तेच. भात, पाव आणि दुकानातली वाळकी कोळंबी यांवर हाडे उभी राहत नाहीत. खारवलेली सुकट तर देऊच नये. काट्यासकट बारीक ताजी मासळी आणि पाणवनस्पती द्याव्या. किनाऱ्यावर वाहून येणारा समुद्रफेस, म्हणजे माकुलासारख्या जिवाचे पांढरे हाड, हे उत्तम कॅल्शियम आहे. खारटपणा जाईपर्यंत धुऊन, वाळवून टबात टाकले की कासव ते कुरतडते.

काय करू नये?

पाय ओढून बाहेर काढू नका. तेल-बाम चोळू नका. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. गुराढोरांना जंतासाठी सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेऊ शकते, हे डॉक्टरांनाही आवर्जून सांगा. एक्स-रे काढता येईल असा दवाखाना शोधा. हाड, अंडी, खडा तिन्ही त्यात दिसतात. नेताना कोरड्या खोक्यात ओलसर कापड अंथरून न्या. आणि मुलांचे हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यामुळे अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. टब स्वयंपाकघरात धुऊ नका.

समुद्रकिनाऱ्यावर जाळ्याने पाय कापलेले कासव दिसले तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. सावलीत ठेवा, नाकपुड्या सोडून ओले फडके टाका आणि 1926 ला कळवा. अशा कासवांवर पालघर जिल्ह्यात डहाणूला उपचार होतात. जाळ्यात अडकलेले कासव सोडवताना जाळे कापावे लागले, तर 2018 पासून राज्य सरकार मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलेली एका स्त्रीची हकिकत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायला दिले नाही आणि पोट भरायला मोकळेही सोडले नाही. ते मेले आणि ती शिक्षेला पात्र ठरली. कोंडून ठेवलेल्या जिवाची पूर्ण जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते, हा त्यातला धडा आहे. परदेशी कासवाच्या बाबतीत ‘मोकळे सोडणे’ म्हणजे तळ्यात टाकणे नव्हे. तिथे ते आपल्या पाणकासवांचे अन्न आणि जागा बळकावते. म्हणजे आणले की सांभाळावेच लागते, आणि ते वीस-तीस वर्षे जगते. आज हट्ट धरणारे मूल तोवर स्वतः बाप झालेले असेल. दुकानाच्या दारातच मुलाला हे सांगितले, तर टबात पाय ओढणारे एक कासव कमी होईल.