आवाज मोठा म्हणजे स्पष्ट नव्हे

३ जून २०२० ला निसर्ग वादळात कोलाडला आमच्या घरची वीज गेली, मोबाइलही मुके झाले. मगरिबनंतर आम्ही सेलवरचा जुना रेडिओ लावला. एरवी खरखरणारी मीडियम वेव्हवरची आकाशवाणी त्या रात्री स्वच्छ लागली. केंद्राची ताकद तीच होती. आजूबाजूचे एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही बंद असल्याने गोंगाट घटला होता. उरली ती विजांची कडकड.

म्हणूनच हौशी रेडिओवाले दोन आकडे वेगळे सांगतात: बोलणे किती कळते, १ ते ५, सिग्नलचा जोर किती, १ ते ९. जोर भरपूर, पण गोंगाटही तितकाच, तर बातमी कळत नाही. त्यांच्या १३६ किलोहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यात बाहेरचा गोंगाटच भारी. तिथे नुसती तार लांब केली की सिग्नलबरोबर खरखरही वाढते.

घरी करून पाहा. आधी दोन केंद्रांमधल्या रिकाम्या जागी खरखर ऐका, मग केंद्र लावा. महत्त्वाचा तो फरक. मेन स्विच बंद करून पुन्हा ऐका. रेडिओ हळूहळू फिरवा. एखाद्या दिशेला खरखर दबते. ती जागा मुलांना दाखवून ठेवा, जास्तीचे सेल जपा. पुढच्या वादळात, इन्शाअल्लाह, अफवेआधी खरी खबर घरात पोहोचेल.