ड्रायव्हर आणि स्मृतीचा हिशेब

संगणकाला जोडलेली डिस्क मजकूर साठविते, कॅमेरा चित्र दाखवितो, नेटवर्क कार्ड दूरच्या गावाचा निरोप आणते. या प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी. ती जाणणारा आणि संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, ती समजावून देणारा जो आज्ञांचा संच, त्यास ड्रायव्हर म्हणतात. या ड्रायव्हरला आपल्या कामासाठी स्मृती, म्हणजेच मेमरी, लागते. ती त्याने कशी मागावी आणि काम संपल्यावर कशी परत करावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु यंत्र महिनोन्‌महिने बिनबोभाट चालणार की मध्येच कोलमडणार, हे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

आपण पत्र लिहिण्यासाठी वा हिशेब मांडण्यासाठी जे साधे प्रोग्रॅम वापरतो, त्यांची गोष्ट सोपी आहे. असा प्रोग्रॅम बंद झाला की त्याने घेतलेली सारी स्मृती ऑपरेटिंग सिस्टिम आपण होऊन परत घेते. बहुतेक ड्रायव्हर मात्र सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, राहतात. तेथे त्यांच्यामागून आवराआवर करणारा कोणी नाही. लिनक्स या प्रसिद्ध सिस्टिमचेच उदाहरण घ्या. तीतील ड्रायव्हरने एखादा तुकडा घेऊन परत केला नाही, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत तो वाया गेला असे समजावे. दर खेपेस ४०९६ बाइट हरवले आणि सेकंदाला अशा १०० खेपा झाल्या, तर एका तासात सुमारे १४७ कोटी बाइट नाहीसे होतात! यालाच स्मृतीची गळती म्हणतात.

आता मागण्याची रीत पाहू. मागणी नाकारली जाऊ शकते, हे गृहीत धरूनच ड्रायव्हर लिहावा लागतो. शिवाय मागण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात ड्रायव्हर म्हणतो, ‘जागा नसेल तर ती मोकळी होईपर्यंत मी थांबतो.’ दुसऱ्यात तो म्हणतो, ‘असेल तर आत्ता द्या, नाहीतर नाही म्हणा.’ उपकरणाने दिलेल्या हाकेची, म्हणजे इंटरप्टची, तत्काळ दखल घेणाऱ्या भागाला थांबण्याची मुभाच नसते. तेथे पहिला प्रकार वापरला तर अख्खे यंत्र अडून बसण्याचा धोका असतो.

खरी कसोटी लागते ती काम अर्धवट फसते तेव्हा. समजा, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला क्रमाने तीन गोष्टी हव्या आहेत: स्वतःच्या नोंदीसाठी स्मृती, निरोप साठविण्याची जागा आणि इंटरप्टची जोडणी. पहिल्या दोन मिळाल्या, तिसरी नाकारली गेली. आता केवळ ‘जमले नाही’ असे सांगून निघून जाणे योग्य नव्हे. आधी दुसरी आणि मग पहिली परत केली पाहिजे. हा उलटा क्रम का? लग्नाचा मांडव उतरविताना आपण आधी छत काढतो, मग आडवे वासे आणि शेवटी खांब. आधीच खांब उपटले, तर छत डोक्यावर येईल. तद्वत् कार्ड काढताना इंटरप्ट थांबविण्यापूर्वीच स्मृती परत केली, तर उशिरा आलेली एखादी हाक त्या परत केलेल्या जागेत लिहू लागते. तोवर ती जागा दुसऱ्याला मिळालेली असते आणि त्याचा मजकूर बिघडतो. एखादा दुष्ट माणूस याच फटीतून यंत्राचा ताबाही घेऊ शकतो.

हा उलटा क्रम पाळण्यासाठी लिनक्सचे लेखक ‘गोटू’ ही आज्ञा वापरतात. एड्सगर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली होती. तथापि सी भाषेत, फसलेल्या पायरीवरून नेमक्या आवराआवरीकडे उडी घेण्यास ती सोयीची पडते, म्हणून लिनक्सच्या लेखननियमांनी तिला या कामापुरती मान्यता दिली आहे.

पुढे २००७ मध्ये लिनक्समध्ये एक नवी व्यवस्था आली. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद उपकरणाच्या नावे ठेवावयाची आणि उपकरण व ड्रायव्हर यांची फारकत झाली की सर्व काही उलट्या क्रमाने आपोआप परत करावयाचे. यामुळे पुष्कळ चुका टळल्या. पण येथेही सावध राहिले पाहिजे. समजा, एखादा प्रोग्रॅम कॅमेऱ्याचे चित्र पाहत आहे आणि कोणी कॅमेऱ्याची तार उपटली. उपकरण गेले म्हणून स्मृतीही परत गेली. परंतु प्रोग्रॅमने कॅमेऱ्याची फाइल अजून उघडीच ठेवली आहे. त्याची पुढची मागणी परत केलेल्या स्मृतीलाच जाऊन भिडते. अशा ठिकाणी वापरणाऱ्यांची संख्या मोजत राहावी लागते, आणि शेवटचा वापरणारा उठला की मगच जागा मोकळी करावयाची असते.

चुका हुडकणारी साधनेही आता आहेत. गळती शोधणारे साधन लिनक्समध्ये २००९ मध्ये आले, तर परत केलेल्या स्मृतीला कोणी हात लावल्यास ओरड करणारे २०१५ मध्ये. २०२२ च्या अखेरीस रस्ट या भाषेलाही तेथे प्रवेश मिळाला. परत केलेली वस्तू पुन्हा वापरण्याचे बरेचसे प्रकार ही भाषा प्रोग्रॅम तयार होतानाच अडविते.

इतके झाले तरी मूळ प्रश्न माणसापुढेच उरतो. ही वस्तू कोणाच्या मालकीची, आणि तिची गरज नेमकी केव्हा संपते? ज्या लेखकाने स्मृती मागण्याची ओळ लिहिण्यापूर्वीच ती परत करण्याची ओळ मनाशी ठरविली, त्याचे यंत्र निर्वेधपणे चालते. त्या यंत्रावर ज्यांचे काम चालते त्यांना त्याचे नावही ठाऊक नसते, आणि ते ठाऊक होण्याची वेळ न येणे हेच त्याच्या कामाचे यश होय.