पॅनेलवर कोण बसणार?

गोवंडीच्या दक्षिणेला, चेंबूर-माहुलच्या पट्ट्यात, आरसीएफ ‘सुफला’ खत बनवते आणि बीपीसीएल, एचपीसीएल कच्चं तेल शुद्ध करतात. ८ ऑगस्ट २०१८च्या दुपारी बीपीसीएलच्या हायड्रोक्रॅकरमध्ये स्फोट झाला, चाळीसहून अधिक जण जखमी झाले. ‘प्लांट आता एआय चालवणार’ ही बातमी इथला माणूस कान टवकारूनच ऐकणार.

खरं तर प्लांट कित्येक वर्षं यंत्रच चालवतंय. तापमान, दाब, पातळी यांची रीडिंग्ज कंट्रोल रूममध्ये येतात आणि पीआयडी नावाचं गणित व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवतं: ठरलेल्या आकड्यापासून किती ढळलोय, किती वेळ ढळलोय, किती वेगाने ढळतोय. पॅनेलवरचा ऑपरेटर बराच वेळ नुसतं बघतो. हात घालतो तो गणित अडतं तिथे. आता यंत्राला तेही काम हवंय.

जपानमध्ये ते मिळालंही. २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत योकोगावा आणि जेएसआर या कंपन्यांनी एका रासायनिक कारखान्यातलं ऊर्ध्वपातन सलग ३५ दिवस एआयच्या हाती दिलं. तिथे टाकाऊ उष्णताही वापरायची असते, त्यात बाहेरची हवा बदलली की सगळंच हलतं. पीआयडीला ते झेपेना, म्हणून मुरलेले ऑपरेटर स्वतः व्हॉल्व्ह सांभाळत. एआय आधी सिम्युलेटरवर चुकत चुकत शिकला, मग खऱ्या व्हॉल्व्हवर आला. पुढे वर्षभराच्या वापरात वाफेचा खप ४० टक्क्यांनी घटल्याचं योकोगावाने जाहीर केलं.

माझी शंका सेन्सरबद्दल आहे. २३ मार्च २००५ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत ऊर्ध्वपातनाचा स्तंभ द्रवाने भरत चालला होता आणि पातळीमापक मात्र पातळी उतरतेय असं दाखवत होता. स्फोटात १५ माणसं गेली. असं खोटं रीडिंग एआयलाही फसवेल. माणूस निदान फील्डवाल्याला ‘पातळीची काच बघून ये’ म्हणू शकतो. (टेक्सासमध्ये तीही काळवंडली होती!)

यासाठीच इमर्जन्सी शटडाऊनची यंत्रणा वेगळी ठेवतात: सेन्सर वेगळा, कंट्रोलर वेगळा. दाबाने हद्द ओलांडली की ती कोणाला न विचारता प्लांट ट्रिप करते. एआय कितीही हुशार निघाला तरी तिला त्याचा हात लागता कामा नये.

आणि एआयने हात टेकले की व्हॉल्व्ह पुन्हा ऑपरेटरकडेच येणार, तोही नेमका सगळ्यात वाईट क्षणी. जपानी ऑपरेटरांचा हात रोज व्हॉल्व्ह सांभाळून बसला होता. इथे एआय येईल तेव्हा काही शिफ्ट तरी मुद्दाम माणसांनीच चालवाव्या लागतील, मग त्या शिफ्टला वाफ थोडी जास्त का जाईना.