‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सायकल

अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गावरच्या एखाद्या ऑफिसात कुणी सायकलने येऊ लागलं की दोन गोष्टी होतात. वॉचमन विचारतो, “ही लावायची कुठे?” आणि एचआर एक कागद पुढे सरकवतं: ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सायकलने ये-जा करतो. अपघात झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.’ वॉचमनच्या प्रश्नाला उत्तर देणं कठीण आहे. एचआरचा कागद मात्र बिनकामाचा आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरतो, असं १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं १७ वं कलम सांगत होतं. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असला तरी ती मनाई तिथेही कायम आहे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कर्मचाऱ्याने शंभर सह्या केल्या, तरी त्याचा हक्क जात नाही.

“पण घर ते ऑफिस हा प्रवास कामात धरतच नाहीत ना?” हा गैरसमज सगळ्यांत जुना, आणि एके काळी तो निम्मा खराही होता.

जुलै १९५७. बेस्टचा एक चालक संध्याकाळी जोगेश्वरी डेपोत आपली बस लावून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. घोडबंदर रोडवर, म्हणजे आजच्या एस. व्ही. रोडवर, अंधेरीजवळच्या इर्ला पुलापाशी ती बस एका उभ्या लॉरीवर आदळली आणि काही दिवसांनी तो इस्पितळात वारला. ड्युटी संपली होती, मग भरपाई कसली, असा बेस्टचा युक्तिवाद होता. त्याच्या पत्नीचा, अॅग्नेस यांचा, हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ मध्ये बहुमताने निकाल लागला: बसचं जाळं शहरभर पसरलेलं, चालकाने वेळेवर हजर व्हावं म्हणून त्याला त्याच बसमधून जाऊ दिलं जातं, तेव्हा हा प्रवास नोकरीचाच भाग आहे.

ही सवलत सायकलवाल्याच्या वाट्याला मात्र लगेच आली नाही. केरळातल्या कोरट्टीच्या एका कारखान्याचा कामगार १९७१ मध्ये सायकलने पाळीला निघाला होता. कारखाना किलोमीटरभर राहिला असताना त्याला लॉरीने उडवलं, आणि ती लॉरीही त्याच्याच कंपनीची! तरी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, दावा फेटाळला. रस्ता सगळ्यांचा, तिथली जोखीमही सगळ्यांची, नोकरीची नव्हे, असा तो तर्क. मला तो निकाल आजही कोरडा वाटतो.

२०१० मध्ये संसदेनेच ईएसआय कायद्यात ५१-ई हे कलम घातलं: अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असेल, तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीतलाच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ भरपाई कायद्यालाही लावला. ते प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. साखर कारखान्याचा एक वॉचमन २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाला न्याय मिळायला बावीस वर्षं लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ये-जा करतानाचा अपघात धरला आहे. वाहन कोणतं, हा प्रश्न यात कुठेच येत नाही. शिवाय ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची कंपनी ईएसआयमध्ये आहे, त्यांचा लाभ मालक नव्हे, महामंडळ देतं.

मग कंपनीचा नियम काहीच नाही का? आहे. ‘साइटवर जाताना सायकल वापरू नये’ असा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश कर्मचाऱ्याने जाणूनबुजून मोडला, तर जुन्या कायद्यानुसार भरपाई नाकारता येत असे. मात्र मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ही पळवाटही बंद होती.

सायकल म्हणजे मरणाला आमंत्रण, हा दुसरा मोठा समज. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के, पादचारी १९.५ टक्के आणि सायकलस्वार २.९ टक्के. सायकलप्रेमी हा शेवटचा आकडा मिरवतात, पण त्यावरून सायकल सुरक्षित ठरत नाही. रस्त्यावर सायकली किती आणि त्या किती किलोमीटर चालतात, हे त्यातून कळत नाही. मला खुपतं ते दुसरंच: बाइकवाल्याला पेट्रोलभत्ता देणारी कंपनी सायकलवाल्याकडून हमीपत्र मागते. २०२३ मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसं गेली. लोकलच्या दारात लटकणाऱ्याकडून कुणी सही घेत नाही.

धोका खोटा नाही, पण तो सगळीकडे सारखाही नाही. हायवेवरचे डंपर, डाव्या बाजूला अचानक उतरणारा रिक्षाचा प्रवासी, पावसात पेव्हर ब्लॉकच्या फटी, चाकाला समांतर बसवलेल्या गटाराच्या जाळ्या. बीकेसीत २०११ मध्ये सायकल ट्रॅक झाला, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंड ते सायन असा ३९ किलोमीटरचा मार्ग महापालिकेने आखला, पण सलग काही हाती लागला नाही. बोरिवली-अंधेरीवाल्यांना मात्र एक सोय आहे: मेट्रो २ए आणि ७ मध्ये सायकल नेता येते, म्हणजे हायवे टाळता येतो.

सायकलस्वाराचा विमा नसतो म्हणून त्याला काही मिळत नाही, हेही चूक. मोटारीने धडक दिली तर तो त्रयस्थ पक्ष. भरपाई गाडीच्या विम्यातून, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. गाडी पळून गेली, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात.

सायकलला पैसे मोजणारा मालकही आहे, आणि तो सरकारच. सातव्या वेतन आयोगानंतर पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमनचा सायकलभत्ता बंद होण्याच्या बेतात होता. २०१७ मध्ये केंद्राने तो ठेवला आणि महिना ९० वरून १८० रुपये केला.

सायकलवरून जेवणाचे डबे आणि पार्सलं पोहोचवणाऱ्या अॅपवाल्या पोरांची गोष्ट वेगळी आहे. संहितेच्या व्याख्येत ते मालक-नोकर नात्याबाहेरचे ‘गिग’ कामगार आहेत. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे आहेत, पण ये-जा करतानाच्या अपघाताची वरची तरतूद त्यांना आपोआप लागू होत नाही. त्यांच्या हाती उरतो तो न्यायाधिकरणाचाच रस्ता, आणि त्यासाठी हवा गाडीचा नंबर, पोलिसांत झालेली नोंद आणि इस्पितळाचे कागद.