मेमरी कार्ड विकण्यापूर्वी पारखून घ्या

मोबाईल विक्री-दुरुस्तीच्या धंद्यात आपले बरेच तरुण बंधू आहेत. लग्नसराईत व्हिडिओ शूटिंग करणारेही थोडे नाहीत. या दोघांच्या हातून रोज जाणारी वस्तू म्हणजे मेमरी कार्ड. या मालात बनावट सर्रास चालते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

कार्डात माहिती साठवणारी चिप असते आणि तिचा कारभार पाहणारी दुसरी, नियंत्रक चिप. फोनने "जागा किती?" असे विचारले की उत्तर नियंत्रक देतो. ठग लोक ८ जीबीच्या कार्डाच्या नियंत्रकात १२८ चा आकडा भरून ठेवतात. मग फोनही १२८ दाखवतो. पहिले ८ जीबी व्यवस्थित भरतात. पुढचे एक तर वाया जाते, नाही तर आधीच्यावरच लिहिले जाते. फायलींची नावे दिसतात, फायली उघडत नाहीत. निकाहचे चित्रण शाबूत आणि वलीम्याचे गायब, असा हा प्रकार. गिऱ्हाईक भांडायला दुकानात येईल, पण तो सोहळा त्याला परत कोण देणार?

पाकीट, छपाई, होलोग्राम यांवर विसंबू नये. त्यांचीही नक्कल होते. फॉरमॅट करूनही काही कळत नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल शोधली होती, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. येथेही हात आतच घालावा लागतो. म्हणजे कार्ड काठोकाठ भरायचे आणि भरलेले सगळे परत वाचून ताडून पाहायचे. हे काम करणारे प्रोग्राम फुकट मिळतात: विंडोजसाठी एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स व मॅकसाठी एफ३. तपासणीपूर्वी कार्ड रिकामे करावे. सेकंदाला २० एमबी लिहिणारे ६४ जीबीचे कार्ड भरायला सुमारे ५३ मिनिटे लागतात, वाचायचा वेळ वेगळा. एवढी सवड कुणाला, असे म्हणाल. पण रात्री दुकान बंद करताना जुन्या संगणकाला लावून गेलात तर सकाळी निकाल तयार असतो. सगळी कार्डे जमत नसतील तर दर लॉटमधली चार-पाच तरी तपासा. एक जरी खोटे निघाले तरी तो लॉट परत करावा, असे आमचे मत आहे.

मात्र ६४ जीबीचे अस्सल कार्डही विंडोजमध्ये ५९.६ च्या आसपास दिसते. ती खोट नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

वेगाचे म्हणाल तर पाकिटावरचा मोठा आकडा बहुधा वाचण्याचा आणि तोही जास्तीत जास्त असतो. शूटिंगवाल्याला लागतो लिहिण्याचा किमान वेग. क्लास १० म्हणजे सेकंदाला १० एमबी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३०. वरील प्रोग्राम हा वेगही सांगतो. फक्त जुना यूएसबी २ रीडर वापरू नका, नाही तर चांगल्या कार्डावरही मंदपणाचा आळ येईल.

टिकाऊपणा मात्र दुकानात तपासता येत नाही. प्रत्येक वेळी लिहिल्याने कार्ड थोडे झिजतेच, तेव्हा तपासणीही एकदाच पुरे. रात्रंदिवस चालणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी 'हाय एंड्युरन्स' लिहिलेले कार्डच द्यावे. साधे कार्ड तेथे लवकर दम तोडते, आणि सतत रेकॉर्डिंगसाठी वॉरंटी लागू आहे की नाही हेही गिऱ्हाइकाला आधी वाचून दाखवावे.

आता कायद्याचे. खोटा ट्रेडमार्क किंवा खोटे वर्णन असलेला माल विकणाऱ्याला ट्रेड मार्क्स कायदा १९९९ च्या कलम १०४ खाली ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, संशयाला जागा नव्हती आणि माल कुणाकडून घेतला हे विचारताच सांगितले, एवढे सिद्ध करणाऱ्याला त्यातून सूट आहे. तेव्हा घाऊक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे आणि प्रत्येक लॉटच्या तपासणीचा निकाल तारखेसह वहीत लिहून ठेवावा.