पाळणाघरांतील पडदा

हल्लीं शहरांतील पुष्कळ पाळणाघरांत भिंतीवर मोठा डिजिटल पडदा दिसतो. तो कोणासाठीं लावला आहे, हें पालकांनीं आधीं विचारावें, असें आम्हांस वाटतें.

जेवणाचे पदार्थ, सुटीची सूचना वगैरे पालकांस कळविण्यापुरता तो दारापाशीं असेल, तर आमची हरकत नाहीं. परंतु रडणारें मूल उगें करण्यासाठीं तो लावीत असतील, तर गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, दोन वर्षांच्या आंतील मुलांस पडद्यासमोर बसवूंच नये. पुढें चार वर्षांपर्यंत दिवसाकाठीं एक तासाहून अधिक नको, कमी तर उत्तमच.

कारण उघड आहे. मूल बोबडें बोललें म्हणजे आजी त्यास उत्तर देते, चुकलेला शब्द पुन्हा म्हणून दाखविते. भाषा येते ती अशा देवघेवीनें. पडदा बोलतो, पण ऐकत नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें केंद्र काढिलें, तेव्हां भोवतालच्या साध्या वस्तूंतूनच मुलांचीं साधनें केलीं.

ज्या घरीं आईबाप दोघेही नोकरीस जातात, त्यांस पाळणाघरावांचून गत्यंतर नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणूनच पडदा किती वेळ चालतो आणि एका बाईकडे मुलें किती, हे दोन प्रश्न त्यांनीं पहिल्याच दिवशीं विचारावे.